नवा स्टिरिओ, पण माइक आणि बटणं कंपनीचीच: गाडीतलं हँड्सफ्री पुन्हा चालू करताना

गाडीचा मूळ स्टिरिओ बदलला की बहुतेक दुकानांत एकच पद्धत असते. नव्या स्टिरिओबरोबर आलेला छोटा माइक काचेशेजारच्या पिलरवर चिकटवतात, त्याची वायर बीडिंगखाली खोचतात, आणि स्टिअरिंगवरची फोनची बटणं आता चालणार नाहीत असं सांगून मोकळे होतात. खरं तर छताच्या दिव्यात कंपनीने बसवलेला माइक, तिथून डॅशबोर्डपर्यंत आलेली शील्डेड वायर (भोवती धातूची जाळी, म्हणजे शील्ड, असलेली) आणि बटणांची वायर, सगळं जागच्या जागी असतं. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी तेच वापरून हँड्सफ्री पुन्हा चालू केलं. दोन रविवार गेले. त्यातला बहुतेक वेळ मोजमापात गेला, प्रत्यक्ष जोडणी तासाभरात झाली.

सामान फार लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक ट्यूब, ट्रिम उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी, 3.5 मिमीची मोनो पिन आणि गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे कंपनीच्या सॉकेटमध्ये न कापता बसणारा वायरींचा जोड. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कपलर सोडून बाकी सगळं मिळतं. कपलर कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून आणावा लागतो. त्याचे पैसे वाचवू नका. कंपनीचा सॉकेट कापून वायरी पिळून जोडल्या की त्या जोडावरची टेप उन्हाळ्यात डॅशबोर्डच्या उष्णतेने सैल पडते, गोंद पाझरतो, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी जोड सुटत जातो. शिवाय पुढे मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाला तर रस्ताच उरत नाही.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढली. स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला मीटरची पिन चुकूनही लावायची नाही, कारण मीटर ओहमवर असताना स्वतः करंट सोडतो. सुदैवाने बटणांसाठी स्टिअरिंग उघडावं लागत नाही. त्यांची वायर स्टिरिओच्या मागच्या सॉकेटपर्यंत आलेली असते, सगळं मोजमाप तिथेच होतं.

पॉवरचं काम सोपं, पण त्यात एक चूक सर्रास होते. नव्या स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू असलेल्या 12 व्होल्टला, लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायला आणि काळी अर्थला (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू) जाते. आयएसओ सॉकेटमध्ये (स्टिरिओमागचा प्रमाणित सॉकेट) 4 नंबरची पिन कायमच्या सप्लायची आणि 7 नंबरची किल्लीची, असा संकेत आहे. फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र या दोन्ही उलट असतात. उलट जोडल्या तर स्टिरिओ वाजतो, पण किल्ली काढली की जोडलेला फोन, रेडिओ स्टेशनं, सगळं विसरतो. लोक याला ब्लूटूथचा बिघाड समजतात. याउलट, दोन्ही वायरी कायमच्या सप्लायला जोडल्या तर चार दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते. म्हणून बॅटरी परत लावून, किल्ली बंद आणि किल्ली चालू, अशा दोन्ही वेळी व्होल्टेज मोजूनच पिना ठरवायच्या. सॉकेटमागच्या वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. स्पीकरची मायनस वायर कधीही बॉडीला लावू नका. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर साधारण 6 व्होल्ट डीसी असतात, एक टोक बॉडीला टेकलं तर आतला अ‍ॅम्प्लिफायर आयसी जाऊ शकतो.

आता बटणं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यापासून गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. त्यामुळे कॉल उचलायचं बटण अंगठ्याखाली असणं ही मला चैन वाटत नाही. जुन्या गाड्यांत ही बटणं अगदी साधी असतात: एका वायरवर रेझिस्टरची साखळी, आणि प्रत्येक बटण त्या साखळीतल्या वेगळ्या ठिकाणी अर्थ देतं. स्टिरिओ सॉकेटमधून काढून, मीटर ओहमवर ठेवून, बटणांची वायर आणि तिची अर्थ यांच्यामध्ये मोजलं. काहीच दाबलं नव्हतं तेव्हा सर्किट उघडं. फोन उचलायचं बटण 68 ओहम, ठेवायचं 158, आवाज वाढवायचं 330, कमी करायचं 675, मोड 1490, पुढचं गाणं 3.3 किलोओहम. तुमच्या गाडीत आकडे वेगळे येतील. दोन लगतच्या बटणांत पुरेसं अंतर आहे ना, एवढंच बघायचं.

इथेच एक चाचणी करून घ्या, ती सहसा कोणी करत नाही. एक बटण दाबून धरून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा दोन-तीन ओहमच्या वर हलता कामा नये. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टीसारखी स्पायरल केबल असते. ती झिजली किंवा तिच्या कपलरला गंज चढला की तिथेच 80-90 ओहम वाढतात आणि वळणावर फोन उचलायचं बटण फोन ठेवायचं होऊन बसतं. अशा वेळी कोणतं बटण कशाचं हे स्टिरिओला कितीही वेळा शिकवलं तरी उपयोग नाही. स्पायरल केबल मात्र एअरबॅगच्या वायरी घेऊन जाते, ती घरी बदलू नये.

सॉकेटमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी दिसल्या आणि किल्ली चालू असताना दोन्हींवर अर्थशी साधारण अडीच व्होल्ट मिळाले तर ती कॅन लाइन, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी डेटा लाइन, आहे. तिथे बटणांचे आकडे डेटाच्या रूपात येतात. त्या वायरी स्टिरिओच्या 'की' (बटणांच्या) वायरला जोडायच्या नाहीत, तो डेटा स्टिरिओला कळेल असा करणारा, गाडीच्या मॉडेलचा कॅन बॉक्सच लागतो.

माझ्या स्टिरिओला की-1, की-2 आणि अर्थ अशा तीन वायरी होत्या. बटणांची वायर की-1 ला लावली. बटणांची अर्थ स्टिरिओच्या काळ्या वायरीलाच, अगदी स्टिरिओजवळ जोडली, दुसरीकडे बॉडीला नाही. दोन अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी घेतल्या तर हेडलाइट आणि एसी लावल्यावर त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि बटणांचं मोजमाप सरकतं. मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवायला घेतलं, तर उचलायचं आणि ठेवायचं ही दोन्ही बटणं स्टिरिओला एकच वाटत होती.

कारण पुल-अप रेझिस्टरमध्ये होतं. स्टिरिओ ओहम मोजत नाही. तो आतून 3.3 व्होल्ट एका रेझिस्टरमधून वायरीवर सोडतो आणि बटण दाबल्यावर किती व्होल्ट उरले ते बघतो. तो रेझिस्टर 10 किलोओहमचा असेल तर 68 ओहमला सुमारे 0.02 व्होल्ट आणि 158 ला 0.05 व्होल्ट उरतात. फरक फक्त तीन शतांश व्होल्टचा, तो गोंगाटात बुडतो. तोच रेझिस्टर 1 किलोओहमचा केला तर 0.21 आणि 0.45 व्होल्ट मिळतात. काही अँड्रॉइड स्टिरिओंच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये हा रेझिस्टर कमी-जास्त करायची सोय असते. माझ्यात होती. तो 'लो'वर आणल्यावर सहाही बटणं पहिल्या फटक्यात ओळखली गेली. ही सोय नसेल तर बाजारात मिळणारा स्टिअरिंग कंट्रोल अ‍ॅडॉप्टर मध्ये घालावा लागतो.

माइकने जास्त दमवलं. छताच्या दिव्याचं आवरण प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उतरवलं की आत माइक दिसतो. स्टिरिओच्या माइक सॉकेटमध्ये काही न खोचता टोक आणि मागचा भाग यांत मोजलं तर 2.4 व्होल्ट मिळाले. हे बायस व्होल्टेज. इलेक्ट्रेट माइकच्या (कायम भारित फिल्म असलेल्या छोट्या माइकच्या) आतल्या ट्रान्झिस्टरला ते लागतं. साधा इलेक्ट्रेट माइक जोडला की हे व्होल्टेज स्पष्ट उतरायला हवं. अजिबात उतरलं नाही तर वायर तुटलेली आहे किंवा माइक त्या जातीचा नाही. शून्यावर आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. माझ्याकडे ते जेमतेम हललं, आणि कॉल लावल्यावर समोरच्याला काहीच ऐकू गेलं नाही.

मग लक्षात आलं की कंपनीच्या माइकला तीन वायरी आहेत: सप्लाय, सिग्नल, अर्थ. त्याच्या आत स्वतःचा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल मोठा करणारं छोटं सर्किट) होता आणि त्याचा सप्लाय मूळ स्टिरिओकडून येत होता. नव्या स्टिरिओत तशी वायरच नाही. वेगळा सप्लाय बनवून देता येतो, पण मग मधे कपॅसिटर घालून डीसी अडवायचा, सिग्नल उतरवायचा, एवढी खटपट आली. त्यापेक्षा माइकचं घर, जाळी आणि शील्डेड वायर तीच ठेवून आतली गोळी बदलली. 6 मिमीची इलेक्ट्रेट कॅप्सूल अगदी किरकोळ किमतीत मिळते. मागे दोन टाके असतात. ज्या टाक्याची कॅप्सूलच्या धातूच्या कवचाशी कंटिन्युइटी मिळते तो अर्थ. सोल्डर करताना एका टाक्यावर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, उष्णतेने आतली भारित फिल्म खराब होते. जुन्या माइकची रबरी टोपी नव्या कॅप्सूलवर चढवली. ती विसरली तर कॅप्सूल प्लॅस्टिकला टेकते आणि छताची थरथर आवाजात उतरते. तोंड ड्रायव्हरकडेच राहील असं बघितलं.

सप्लायची तिसरी वायर आता रिकामी, ती दोन्ही टोकांना हीट श्रिंक घालून बंद केली. शील्ड फक्त स्टिरिओच्या बाजूला अर्थ केली, छताकडच्या टोकाला मोकळी ठेवली. दोन्हीकडे अर्थ केली तर लूप तयार होतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी अल्टरनेटरची शिट्टी समोरच्याला ऐकू येते. माइकची वायर पॉवरच्या वायरींबरोबर एकाच गुंड्यात बांधू नका. फोन 2जीवर गेला तर त्याच्या 217 हर्ट्झच्या झटक्यांची टर्र-टर्र शील्ड सैल असलेल्या वायरीत लगेच शिरते.

स्टिरिओच्या पुढच्या पट्टीतही एक माइक असतो. बऱ्याच मॉडेलांत बाहेरचा खोचला की आतला आपोआप बंद होतो, काहींत दोन्ही चालू राहतात आणि विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतो. तपासायला छतावरचा माइक बोटाने झाकून स्टिरिओजवळ बोला. समोरच्याला तरीही स्पष्ट ऐकू गेलं तर आतला चालू आहे. सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल' पर्याय मिळाला नाही तर आतल्या माइकचा दोन पिनांचा कपलर काढावा लागतो.

फोन जोडण्याआधी स्टिरिओतल्या जुन्या नोंदी आणि फोनमधली गाडीची जुनी नोंद, दोन्ही पुसा. एकीकडचीच पुसली तर जोडणी होते-तुटते असा खेळ सुरू होतो. गाणी वाजतात पण कॉल फोनवरच राहतो, तेव्हा फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे 'फोन कॉल' बंद असतो. गाणी आणि कॉल ब्लूटूथच्या दोन वेगळ्या प्रोफाइलवरून जातात, म्हणून एक चालून दुसरं बंद राहू शकतं. नावांऐवजी नंबर दिसले तर संपर्कांची परवानगी द्यायची राहिली आहे.

शेवटची चाचणी उभ्या गाडीत करून भागत नाही. मी शेजारी एकाला बसवून हायवेवर 80 च्या वेगाने, काचा बंद, एसीचा पंखा दोनवर ठेवून कॉल लावायला सांगितला. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. स्पीकरचा आवाज माइकमध्ये इतका जात होता की स्टिरिओची इको कापायची यंत्रणा कमी पडत होती. कॉलचा आवाज 28 वरून 20 वर आणला, माइक गेन (माइकची संवेदनशीलता) दोन पायऱ्या उतरवला, आणि समोरच्या दाराच्या स्पीकरपुरता कॉल ठेवला. पंख्याची झुळूक छताच्या दिव्याकडे जात होती, ती व्हेंट खाली वळवली. मग सलग दहा मिनिटं बोलणं नीट झालं, आणि घरी येऊन दिव्याचं आवरण क्लिपमध्ये परत दाबून बसवलं.