घरची नववी आणि अमेरिकेचा इतिहास

आमची लेक ऑगस्टमध्ये नववीत जाईल. शाळा घरीच असल्यामुळे दप्तर, गणवेश वगैरे काही नाही, पण इथे अमेरिकेत नववीपासून हायस्कूल सुरू होतं आणि पुढची चार वर्षं ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजांना दाखवायच्या गुणपत्रकावर, येतात. ते ट्रान्स्क्रिप्ट आईबापांनीच तयार करायचं असतं, हे ऐकून पुण्याची मावशी म्हणाली, "मग काय, दे पैकीच्या पैकी!" देता येतील हो, पण कॉलेजवाले काही दुधखुळे नाहीत. घरच्या मार्कांना बाहेरच्या एखाद्या परीक्षेचा आधार असलेला बरा.

व्हर्जिनियात नियम सुटसुटीत आहेत. 15 ऑगस्टपर्यंत "आम्ही घरी शिकवणार" असं कळवायचं, सोबत विषयांची यादी जोडायची आणि पुढच्या वर्षी 1 ऑगस्टच्या आत प्रगतीचा पुरावा द्यायचा. इतिहास कुठला, किती, कोणत्या पुस्तकातून, हे कोणी विचारत नाही. खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. तयार अभ्यासक्रमांचे खोकेच्या खोके विकत मिळतात. एका खोक्यात हा देश म्हणजे साक्षात देवाची योजना, तर दुसऱ्यात गुलामगिरी दोन परिच्छेदांत उरकलेली. मी दोन्ही चाळले आणि परत केले.

अमेरिकेच्या इतिहासाचे दोन भाग करायचे, हे मात्र पक्कं केलंय. नववीत वसाहतींपासून 1877पर्यंत, दहावीत जगाचा इतिहास आणि अकरावीत अमेरिकेचा उरलेला भाग. एका वर्षात सगळं कोंबलं की मे महिना उजाडतो तेव्हा गाडी यादवी युद्धातच अडकलेली असते आणि विसावं शतक राहून जातं. क्लेपच्या (पास झालं की कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या) परीक्षाही साधारण याच जागी दुभागलेल्या आहेत. एपीची, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीवर शिकायच्या विषयाची, परीक्षा मात्र 1491पासून आजपर्यंत सगळं एकदम विचारते. ती मेमध्ये असते, पण घरी शिकणाऱ्यांनी आदल्या शरद ऋतूतच जवळपासच्या शाळेत जागा मागून ठेवावी लागते. ट्रान्स्क्रिप्टवर विषयापुढे "एपी" लिहायचं तर आधी अभ्यासक्रम ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यायचा. नुसती परीक्षा द्यायला ती अट नाही. ते अकरावीत बघू.

पाठ्यपुस्तक एकच, तेही संदर्भापुरतं. बाकी मूळ कागद, आणि तेही जोडीने. 1619 सालचंच बघा. जुलैअखेर जेम्सटाऊनला लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टअखेर त्याच वसाहतीच्या किनाऱ्यावर पकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांना उतरवून विकलं. दोन्हीमध्ये जेमतेम महिन्याचं अंतर! सगळी माणसं समान आहेत असं 1776 साली लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची, आयुष्यभरात मिळून, सहाशेहून जास्त माणसं होती. म्हणून त्याचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला की पाठोपाठ गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 5 जुलै 1852चं भाषण वाचायचं. गुलामाला तुमच्या 4 जुलैचं काय, असं त्याने भर सभेत विचारलं होतं. याच टप्प्यावर "गुलामगिरी"ही वाचणार आहोत. जोतीरावांनी 1873 साली ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केलं होतं.

वेळ आणि पेट्रोल दोन्ही खर्च करावं अशी एक जागा व्हर्जिनियातल्याच फार्मव्हिलला आहे. तिथली मोटन शाळा आता संग्रहालय झाली आहे. कृष्णवर्णीय मुलांची ही शाळा 180 जणांसाठी बांधलेली, पण 1951पर्यंत त्यात साडेचारशेहून जास्त मुलं कोंबलेली. वर्ग कमी पडले म्हणून आवारात डांबरी कागद ठोकलेल्या शेड उभ्या केल्या होत्या. 23 एप्रिलला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने आणि तिच्या साथीदारांनी खोटा निरोप धाडून मुख्याध्यापकांना बाहेर पाठवलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. पुढे त्यातून उभा राहिलेला खटला शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954च्या ब्राऊन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. कॅपिटॉलमधला, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसद भवनातला, व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा 2020 साली हटवल्यावर त्या जागेसाठी बार्बराच्याच पुतळ्याची निवड झाली.

ही गोष्ट सहसा इथेच थांबवतात. आम्ही थांबणार नाही. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून फार्मव्हिल ज्यात येतं त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (जिल्ह्याने) 1959 साली सार्वजनिक शाळाच बंद केल्या. त्या 1964पर्यंत उघडल्या नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; काळ्या मुलांपैकी अनेकांची शाळा सुटली ती सुटलीच. हे ऐकल्यावर लेक म्हणाली, "आई, म्हणजे सरकारी शाळा नको म्हणणारे तेही होते आणि आपणही." प्रश्न नेमका आहे आणि मला तो टाळायचा नाही. नववीचा पहिला मोठा निबंध त्यावरच: मुलांचं शिक्षण निवडण्याचा पालकांचा हक्क कुठवर? बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून लिहायचा.

अकरावीची यादी अजून कच्ची आहे. त्यात आपल्या लोकांना घुसवून ठेवलंय: 1923चा भगतसिंग थिंड खटला, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस "गोरा" नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं, 1946चा कायदा, ज्याने वर्षाला फक्त शंभर भारतीयांना दार उघडलं, आणि 1965चा, ज्यानंतर तुमच्याआमच्यासारखे इंजिनियर-डॉक्टर इकडे येऊ लागले. यावरची चांगली पुस्तकं किंवा जुनी पत्रं कोणाच्या माहितीत असतील तर जरूर कळवा, यादीत भर घालायला अजून दोन वर्षं हाताशी आहेत.