टू-टी ऑईलचा निळा धूर

रविवार, रात्र. बाहेर पाऊस.

आज पणजीहून येताना रायबंदरच्या फेरीबोटीने आलो, मुलाला फेरी आवडते म्हणून. गाडी आत घातली, हँडब्रेक ओढला, तेवढ्यात बाजूला एक जुनी चेतक स्कूटर येऊन लागली, राखाडी, स्टेपनीचं कव्हर फाटलेलं. त्या काकांनी बंद करायच्या आधी एकदा रेस दिली आणि तो निळा धूर सरळ आमच्या खिडकीतून आत आला. मुलगा म्हणाला, पप्पा काच वर कर ना, घाण वास येतोय. मी नाही केली. किती वर्षांनी आला हा वास, आणि आला तो बाबांना घेऊनच आला.

बाबा बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होते. डिचोली, साखळीकडचं खनिज भरून हजार-दोन हजार टनांची बार्ज मांडवी नदीतून मुरगाव बंदराला जायची, पावसाळ्यात आग्वादची बार, म्हणजे नदीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, बंद झाली की कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून. भरती-ओहोटीवर सगळं अवलंबून, त्यामुळे बाबा कधी चार दिवसांनी यायचे कधी आठ. पण आले की आधी वास यायचा. डिझेल, ग्रीस, इंजिनरूमचा घाम, सगळं मिळून एकच. न्हाणीत बसून आधी रॉकेलने हात पुसायचे, मग निरमा आणि नारळाचा काथ्या घेऊन कोपरापर्यंत घासायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. जेवताना भाताचा घास तोंडाकडे नेला की त्या बोटांना डिझेलचा वास यायचा म्हणायचे. आम्हाला त्यांच्या अख्ख्या अंगालाच यायचा, आणि तो आला म्हणजे आज दार आतून बाबा लावणार, एवढं कळायचं.

घरी असले की रविवारी सकाळी चेतक. अंगणात गोणपाट टाकायचं, स्पार्क प्लग काढायचा, पॉलिश पेपरने काळी काजळी घासायची, आणि गॅप बघायला त्यांच्याकडे हॅक्सॉ ब्लेडचा एक मोडका तुकडा होता, तो प्लगच्या टोकात सरकवायचे. जरासा अडकत अडकत गेला पाहिजे, सैल गेला तर परत. मला हातात द्यायचे आणि म्हणायचे बघ, डोळ्यांनी नाही, बोटाने बघ. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून टू-टी ऑईल ओतायचं, लिटरला २० मिली, बाटलीच्या झाकणाने मोजून. ओततानाचा तो गोडसर जाड वास मला जळलेल्या धुराहून जास्त आवडायचा, मी मुद्दाम नाक टाकीजवळ न्यायचो आणि आई ओरडायची.

चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलबरोबरच जळतं, आणि थोडं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं, म्हणून तो वास असा अर्धा कच्चा अर्धा जळका. फोर-स्ट्रोकचं ऑईल इंजिनाच्या तळाशी वेगळंच राहून आतच फिरत राहतं, म्हणून आताच्या स्कूटरला वासच नाही. डिझेलचंही तेच, २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला तेव्हा डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, जुन्या बशीत ड्रायव्हरशेजारच्या गरम बॉनेटजवळ बसलं की जो वास डोक्यात जायचा तो नव्या बशीत शोधून सापडत नाही. हे चांगलंच झालंय, बाबा शेवटची तीन वर्षं खोकत होते आणि इंजिनरूममधला तो धूर त्यांच्या छातीत किती गेला असेल हे मला माहीत आहे, तो धूर परत यावा असं मी कधी म्हणणार नाही. पण वास आठवणीत नुसता बोलावून येत नाही ना. बाबांचा चेहरा फोटोत आहे, आवाज एका लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे, वास कुठेच ठेवलेला नाही.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बार्ज जेटीला लागली ती लागलीच, बाबा घरी बसले. कपड्यांचा वास हळूहळू गेला, आईने कपाट आवरलं तेव्हा तर पूर्णच. त्यांची चेतक मी भंगारात दिली, बाबा गेल्यावर दोन वर्षांनी, कागद रिन्यू होत नव्हते आणि जागा अडत होती म्हणून. डिकीत तो ब्लेडचा तुकडा होता का, हे मी बघितलंसुद्धा नाही. याचं मला आज फेरीत फार वाईट वाटलं.

पलीकडे चोडणला फेरीची फळी पडली. काकांनी चेतक डावीकडे कलती केली, सरळ केली, किक मारली, तिसऱ्या किकला लागली. मी एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि त्यांच्या मागे लागलो. तीसच्या स्पीडने चालले होते. रस्ता रिकामा होता, मुलगा दोनदा म्हणाला पप्पा ओव्हरटेक कर, पाऊस आत येतोय. मये गावापर्यंत नाही केलं.