आजीची दोन्हीकडून लिहिलेली वही

आजीची एक वही आहे. समोरून उघडली की नदीच्या पाण्याच्या तपासण्या: तारीख, वेळ, बाटलीचा नंबर, ब्युरेटचं, म्हणजे द्रावण मोजून सोडणाऱ्या काचनळीचं, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग. तीच वही उलटी करून मागून उघडली की मोर्चाची तयारी: कोण कुणाला निरोप देणार, सह्या किती जमल्या, पत्रकांना कागद किती लागेल. दोन्ही मजकूर एकमेकांकडे सरकत येतात आणि मधे फक्त तीन पानं कोरी राहिली आहेत.

आजी गेल्यावर मामा म्हणाला, शास्त्राचं सगळं एखाद्या विज्ञानसंस्थेला देऊ, चळवळीचं तुम्ही ठेवा. त्याचा हेतू चांगला होता, वह्यांना वाळवी लागेल ही त्याची भीतीही खरी होती. मी ही वही त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "मामा, कुठून फाडू?" त्याने ती बराच वेळ चाळली. मग वाटणीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण त्याआधी माझ्या हातून जे झालं होतं तेही जवळजवळ फाडण्यासारखंच होतं. पहिल्या महिन्यात मी उत्साहाने सगळं 'लावून' टाकलं. पत्रांत पत्रं, फोटोंत फोटो, पत्रकांत पत्रकं. अभिलेखागारात काम केलेल्या एका ओळखीच्या बाई बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. "कशाच्या शेजारी काय होतं, ते लिहून ठेवलंय का?" नव्हतं ठेवलं. त्यांच्या कामात याला मूळ क्रम म्हणतात. माणसाने आपले कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रमही पुराव्याचाच भाग असतो, आणि एकदा मोडला की सहसा परत मिळत नाही.

मला थोडा मिळाला, तोही कागदांच्या जखमांमुळे. आईच्या 1979 च्या पत्रकात एक आकडा आहे: नदीच्या पाण्यात लिटरमागे 2.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. चांगल्या वाहत्या पाण्यात तो सात-आठच्या आसपास असतो. इतका खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. हा आकडा आईने मनाने लिहिला, असं तेव्हा भर सभेत म्हटलं गेलं होतं. त्या पत्रकाच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग होता. तसाच डाग, त्याच उंचीवर, आजीच्या वहीच्या एका पानावर सापडला. पत्रक तिथे टाचलेलं होतं. पानावर एकाच सकाळच्या तीन बाटल्या: 2.0, 2.2, 2.1. आजी विंकलर पद्धतीने, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायच्या पद्धतीने, मोजायची. ब्युरेटमधून थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. दुसऱ्या रीडिंगपुढे तिने लिहिलंय, "घाई झाली, एक थेंब जास्त." मोर्चाला आकडा हवा होता, आणि तरीही तिने जास्तीचा थेंब नोंदवून ठेवला. हे वाचताना मला तिचा फार अभिमान वाटला.

वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तसंच. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं आणि कात्रणाच्या मापाची तपकिरी सावली पडते. अशा सात सावल्यांवरून सात कात्रणं आपापल्या जागी परत गेली. आता मधे अ‍ॅसिड-फ्री कागद आहे, टाचण्या काढल्या आहेत, आणि कुठली टाचणी कुठे होती याची नोंद केली आहे. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनेच लिहिते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना घरात बंदी. स्कॅनच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक दुसऱ्या गावी.

अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि अणुचाचण्यांविरुद्धच्या कामासाठी शांततेचंही. एव्हा हेलन या त्यांच्या पत्नीचा त्या कामात मोठा वाटा होता. त्या दोघांनी चालवलेल्या विनंतीअर्जावर नऊ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, आणि 1958 मध्ये तो संयुक्त राष्ट्रांकडे दिला गेला. एव्हा हेलन गेल्यावर, 1986 मध्ये, पॉलिंग यांनी आपले कागद ओरेगन स्टेट विद्यापीठाला दिले. तो संग्रह दोघांच्या नावाने आहे, आणि प्रयोगांच्या वह्या नि शांततेचा पत्रव्यवहार तिथे एकाच छताखाली आहेत. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग आपलंही एकत्रच जाऊ दे."

एक गठ्ठा मात्र आईला जाळायचा होता. चळवळीतल्या एका मैत्रिणीची पत्रं, दोघींचं बिनसल्यानंतरची. मी वाचलेली नाहीत. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. ती मैत्रीण हयात आहे. मी आईला म्हटलं, "जाळू नकोस, बंद करून ठेवू." दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः पाकीट आणलं, गठ्ठा आत घातला आणि वर लिहिलं: 2050 पूर्वी उघडू नये. खाली सही, तारीख.

ते पाकीट नऊ नंबरच्या डब्यात आहे. गठ्ठा जिथे सापडला तिथेच, 1987 च्या जमाखर्चाच्या वहीखाली.