कमी खाल्लं तर पिशवी कमी भरते का?

माझी इलिओस्टॉमी झालीय, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि मल मोठ्या आतड्यात न जाता तिथे लावलेल्या पिशवीत येतो, हे कळलं की लोक आधी गप्प होतात, मग हळूच विचारतात, “म्हणजे आता जेवणाचं काय? कमी खाल्लं तर पिशवी कमी भरत असेल ना?” ज्यांचं स्वतःचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेही फिरून फिरून हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाही, तसं होत नाही. पोटात अन्न नसलं तरी लाळ, जठररस, पित्त हे सगळं पाझरतच असतं. जेवण टाळलं की पिशवीत हिरवट पाणी आणि भरपूर गॅस येतो. पातळ असल्यामुळे ते बेसप्लेटखाली, म्हणजे पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीखाली, लवकर झिरपतं, आणि त्यात पाचकरस असल्याने कातडी सोलवटून निघते. त्यापेक्षा थोडं थोडं, वेळच्या वेळी खाल्लेलं बरं. रात्रीचं जेवण लवकर उरकलं तर झोपमोडही कमी होते.

काय खावं, हे लवकर सांगून होतं. भात, पिकलं केळं, उकडलेला बटाटा, पांढरा पाव यांनी घट्टपणा येतो. फळांचे रस, साखरेची पेयं, दारू, फार तेलकट आणि तिखट यांनी पातळ होतं. शुगरफ्री गोळ्यांमधलं सॉर्बिटॉलही त्यातलंच. पण हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यायचा आणि पिशवीत काय येतं ते बघायचं. बीट खाल्लं तर लाल येणार, तेव्हा दचकायचं नाही.

खरी गोम आहे पिण्यात, आणि तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मोठं आतडं दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी आणि सोबतचं मीठ परत शोषून घेतं. आपल्या बाबतीत ती सोयच राहिलेली नाही. बस्तान बसल्यावर पिशवीत दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर, लापशीइतपत दाट, असं प्रमाण ठीक मानतात. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं तर डॉक्टरांना कळवायचं. अशा वेळी तहान लागते आणि माणूस तांब्याने साधं पाणी पीत सुटतो. ते नेमकं उलटं पडतं. साध्या पाण्यात मीठ नसतं, त्यामुळे लहान आतडं शरीरातलंच मीठ त्यात सोडतं आणि त्याच्यामागे पाणीही जातं. पिशवी आणखी भरते, तहान तशीच राहते. लघवी गडद आणि कमी, पायात गोळे, उठताना चक्कर, ही लक्षणं मीठ-पाणी कमी पडल्याची. अशा वेळी ओआरएस घोट घोट घ्यायचं, आणि साधं पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. हृदयाचा, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधीही त्यांनाच विचारायचं. जेवताना ढसाढसा पिण्याऐवजी मधल्या वेळात प्यायलेलं मला जास्त मानवतं.

चावण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. मका, मशरूम, सुकं खोबरं, दाणे, संत्र्याची साल-पापुद्रे अडकू शकतात. ऑपरेशननंतरचे सहा-आठ आठवडे तर त्यांच्या वाटेला जायचंच नाही. पुढे खायचे तर थोडे, आणि अगदी बारीक चावून. नीट न चावलेला मक्याचा दाणा पिशवीत जसाच्या तसा, पिवळाधमक दिसतो. दिसला म्हणजे निदान बाहेर तरी आला! पिशवीत काहीच येईनासं झालं किंवा नुसतं घाण वासाचं पाणी येऊ लागलं, सोबत पोटात कळा असतील आणि स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) सुजला असेल, तर अडथळ्याची शंका घ्यायची. पोट साफ होण्याचं औषध, म्हणजे रेचक, अजिबात घ्यायचं नाही. उलट्या सुरू झाल्या तर थेट हॉस्पिटल.

आणि एक, औषधांबद्दल. विशिष्ट आवरणाच्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधीकधी न विरघळताच निघून जातात. पिशवी रिकामी करताना अख्खी गोळी दिसली, तर डॉक्टरांना सांगून औषधाचा प्रकार बदलून घ्या. औषधाच्या दुकानातही ‘मला इलिओस्टॉमी आहे’ हे आधीच सांगून ठेवा.