बाणाचा धनी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संमेलने, सहली आणि प्रभातफेऱ्या यांविषयी माझे वर्गमित्र लिहितीलच, म्हणून मी एका वहीविषयी लिहायचे ठरवले आहे. अकरावीची भौतिकशास्त्राची ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या एका पानावर ११८ या आकड्याभोवती लाल शाईचे वर्तुळ असून शेजारी सरांच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘डीपी?’ डीपी म्हणजे गावाला वीज पुरवणारे रोहित्र.

उदाहरण साधे होते. विहिरीतले पाणी १५ मीटर उंच चढवून १२,००० लिटरची टाकी २० मिनिटांत भरायची असेल, तर पंपाची शक्ती किती हवी? मी सूत्र आठवले, आकडे घातले, भागाकार केला आणि ८८,२०० वॅट, म्हणजे सुमारे ११८ अश्वशक्ती, असे उत्तर काढून सर्वांच्या आधी वही टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी मला उभे केले.

“तुमच्या मळ्यात कितीची मोटर आहे रे?”

“पाच एचपीची, सर.”

“मग ही एकशे अठराची कोणत्या डीपीवर चालवणार? सगळ्या गावाची लाइट घालवशील की.”

मिनिटांचे सेकंद करायचे राहून गेले होते. खरे उत्तर १,४७० वॅट, म्हणजे जेमतेम दोन अश्वशक्ती. पंपाची तूट धरली तर थोडी अधिक. बेरीज-वजाबाकीतली चूक सर एक वेळ माफ करीत, पण रोज मोटर चालू-बंद करणाऱ्या पोराला आपले उत्तर खटकू नये, याचा त्यांना खरा राग आला होता.

त्या दिवसापासून त्यांनी आम्हांला एक शिस्त लावली. भूमितीतले ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे शब्द त्यांनी भौतिकशास्त्रात आणले. पक्षात प्रत्येक राशी एककासह आणि एकाच पद्धतीत लिहायची, साध्यात काय काढायचे ते लिहायचे, आणि आकडेमोडीला हात घालण्याआधी उत्तर साधारण केवढे यावे याचा अंदाज समासात पेन्सिलने मांडायचा. आकडे शेवटच्या ओळीपर्यंत घालायचे नाहीत, हा नियम आम्हांला फार जाचक वाटे. पण घर्षणरहित उतारावरून घसरणाऱ्या पेटीच्या उदाहरणात वस्तुमान दिलेलेच नाही म्हणून अर्धा वर्ग हात आखडून बसला, आणि अक्षरांतच मांडणी केल्यावर ते दोन्ही बाजूंनी उडून गेले, तेव्हा तो जाच थोडा कमी झाला.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो आकृतीचा धडा. दोराने बादली एकसमान वेगाने वर ओढली जात असताना दोरातला ताण बादलीच्या वजनापेक्षा जास्त असतो का, असे सरांनी विचारले, तेव्हा आम्ही सर्वांनी एकमुखाने ‘हो’ म्हटले, कारण बादली वर जाते आहे हे डोळ्यांना दिसत होते. सरांनी फळ्यावर रहाट नाही, विहीर नाही, ओढणारा माणूसही नाही, फक्त बादली काढली आणि तिच्यावरचे बाण काढायला मला बोलावले. मी वर दोन आणि खाली एक असे तीन बाण काढले. मग त्यांनी एकेका बाणावर खडू टेकवून विचारायला सुरुवात केली, “या बाणाचा धनी कोण?” खालच्या बाणाचा धनी पृथ्वी होती, वरच्या एकाचा दोर. तिसरा, म्हणजे ‘वर जाण्याचा जोर’, बेवारस निघाला आणि मलाच तो पुसावा लागला. उरलेले दोन बाण समान असल्याशिवाय वेग एकसमान राहणार नाही, हे न्यूटनच्या पहिल्या नियमात मी पाठ केले होते. ते खरे आहे हे मात्र मला फळ्यापुढे, हातात डस्टर असताना पटले.

तेव्हा आमच्या भागात लातूर पॅटर्नचा, म्हणजे भरपूर सराव करवून घेणाऱ्या परीक्षेच्या तयारीचा, बोलबाला होता आणि कोणी किती उदाहरणे सोडवली याची मोजणी चाले. सरावाला पर्याय नाही, हे मी नाकारत नाही. तरी दिवसाला चाळीस उदाहरणे उरकणाऱ्या मुलांपेक्षा आमची तीन-चार उदाहरणे सावकाश होत आणि परीक्षेत आम्ही मागे पडलो नाही.

पुढे अभियांत्रिकीला आणि मग नोकरीत आकृत्यांचे आकार वाढले. गेल्या महिन्यात नव्याने रुजू झालेल्या एका अभियंत्याने मला एका कमानीवरील बलांची आकृती दाखवली. तिच्यात सहा बाण होते. मी पेन्सिल एकावर टेकवली आणि “याचा धनी कोण?” असे विचारून गेलो. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच दोन बाण खोडले.