ताळा जुळतो, पण वही?

हॅम्बुर्गहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गिरगावात आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाचा कप पुढे सरकवत बाबांनी विचारलं, "पीएचडीचं चौथं वर्ष लागलं ना तुला? नेमकं काय चाललंय तिकडे, मला कळेल असं सांग." बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली, शेवटची बरीच वर्षं अकाउंटंट म्हणून. रुपयाचा फरक लागला तरी रात्री नऊपर्यंत शाखेत बसून तो शोधायचा, हे मी लहानपणापासून पाहिलंय. "ते फार तांत्रिक आहे हो बाबा," असं फोनवर मी त्यांना कितीतरी वेळा म्हटलं होतं. तसं म्हणायला नको होतं. त्या दिवशी बसून सांगितलं.

सुरुवात इलेक्ट्रॉनपासून केली. इलेक्ट्रॉन हा एक इवलासा लोहचुंबकही असतो. त्याची ताकद जुन्या हिशेबानं जेवढी यायला हवी, त्याहून किंचित जास्त भरते. हा जादा भाग 1948 मध्ये ज्युलियन श्विंगर यांनी क्वांटम फील्ड थिअरीतून, म्हणजे कणांना अवकाशभर पसरलेल्या क्षेत्रांचे (फील्डचे) कंप मानणाऱ्या सिद्धांतातून, काढला: मूळ ताकदीच्या सुमारे 0.00116 पट. पुढच्यांनी त्यात पायऱ्या वाढवत नेल्या. पाचव्या पायरीला कणांची देवघेव दाखवणाऱ्या 12,672 आकृत्यांचा हिशेब करावा लागतो, आणि एकेका आकृतीमागे भलंमोठं गणित. एवढं केल्यावर उत्तर प्रयोगाशी दशांशचिन्हापुढे अकराव्या स्थळापर्यंत जुळतं.

"मग बसला की ताळा," बाबा म्हणाले.

ताळा बसला, पण ज्या वहीवरून हा हिशेब केला ती वही, म्हणजे तो सिद्धांतच, गणिताच्या दृष्टीनं खरोखर आहे, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. 1952 मध्ये फ्रीमन डायसन यांनी एक साधा आणि भेदक विचार मांडला. समजा सारख्या विद्युतभारांनी एकमेकांना दूर लोटण्याऐवजी ओढून घेतलं असतं, तर निर्वात पोकळीच टिकली नसती, कोसळत गेली असती. पण आपल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बेरजेला हा फरक पेलता यायला हवा, आणि तो पेलत नाही. म्हणजे ही बेरीज अनंतापर्यंत नेली तर ती कुठल्याच उत्तरावर स्थिरावणार नाही. सुरुवातीच्या पायऱ्या उत्तराच्या जवळ नेतात, खूप पुढच्या पायऱ्या दूर.

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हिशेब पुरा करायला जावं तर तो बिघडणार? मग पहिल्या पानांवर तरी भरवसा का ठेवायचा?"

याच प्रश्नापायी मी घर सोडून गेले आहे. गणिती भौतिकीत काम करणारे लोक हेच विचारतात: आकृत्या आणि बेरजा बाजूला ठेवून, क्वांटम फील्ड म्हणजे नेमकी कुठली गणिती वस्तू? हॅम्बुर्गला या प्रश्नाची जुनी परंपरा आहे. रुडॉल्फ हाग 1966 मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आले. त्याआधी 1964 मध्ये त्यांनी डॅनियल कास्टलर यांच्यासोबत एक मांडणी केली होती. अवकाश-काळाच्या एकेका तुकड्यात काय काय मोजता येईल त्याची स्वतंत्र नोंद ठेवायची, आणि दोन तुकडे एकमेकांपासून इतके दूर असतील की मधे प्रकाशही पोहोचू शकत नाही, तर एकाच्या मोजमापानं दुसऱ्यात ढवळाढवळ होता कामा नये. बाबांना मी म्हटलं, गिरगाव शाखेत नोंद पडली म्हणून त्याच क्षणी बोरिवलीची शिल्लक बदलत नाही. ते म्हणाले, "आता बदलते की, कोअर बँकिंगमध्ये." बदलते, पण बातमी तारेतून जाते, आणि तारेतली बातमी प्रकाशाला मागे टाकू शकत नाही. हे त्यांना लगेच पटलं.

तिथल्या दिवसांबद्दल थोडं, कारण घरून बरेच जण विचारतात. आमचा विभाग बारेनफेल्डला, डेझी या कणभौतिकीच्या संशोधन केंद्राच्या आवारात आहे. जमिनीखाली हेरा या कणांना वेग देणाऱ्या जुन्या यंत्राचा 6.3 किलोमीटरचा बोगदा आहे. ते यंत्र 2007 मध्ये बंद झालं. माझी पीएचडी ही तिथे नोकरी आहे, करार आणि पगार दोन्ही असलेली. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो. फळ्यासमोर दोन-दोन तास कुणी बोलत नाही आणि त्याचं कुणाला अवघड वाटत नाही; मला तिथलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

वही अजिबात सापडली नाही, असंही नाही. जेम्स ग्लिम आणि आर्थर जॅफी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून दोन आणि तीन मितींच्या जगात अशी फील्ड पुराव्यासकट उभी करून दाखवली. आपलं जग चार मितींचं, काळ धरून. तिथे मात्र सगळ्यात साध्या नमुन्याची वाट बंद निघाली. मायकेल आयझेनमन आणि ह्युगो ड्युमिनिल-कोपाँ यांनी 2021 मध्ये सिद्ध केलं की त्या नेहमीच्या रस्त्यानं गेलं तर कणांची आपसातली देवघेवच उरत नाही. अणुकेंद्राला बांधून ठेवणारं बल ज्यावर उभं आहे, त्या यांग-मिल्स सिद्धांताचं काय, हे कुणालाच ठाऊक नाही. क्ले या गणिताच्या संस्थेनं 2000 मध्ये त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं, ते तसंच आहे.

परवा बाबांना घेऊन कुलाब्याला टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, गेले. तिथल्या एका मैत्रिणीनं आत जायची सोय केली होती. चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या भित्तिचित्रापाशी बाबा बराच वेळ थांबले. मग समुद्राकडच्या हिरवळीवर मी त्यांना नरसिंहन आणि शेषाद्री या गणितज्ञांचं प्रमेय सांगितलं. दोघं इथेच काम करायचे, आणि ते प्रमेय 1965 मध्ये छापून आलं. एका विशिष्ट प्रकारच्या पृष्ठभागावर बीजगणितानं रचलेल्या काही वस्तूंची यादी, आणि त्याच पृष्ठभागावरच्या बंद वळणांवरून निघणाऱ्या मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांची, यादी. दोन याद्या सर्वस्वी वेगळ्या भाषांत, पण पहिलीतल्या प्रत्येक नोंदीला दुसरीत नेमकी एक नोंद. 1983 मध्ये अतिया आणि बॉट यांनी या प्रमेयाला यांग-मिल्स समीकरणांच्या भाषेत नवा अर्थ दिला, त्याच वर्षी डोनाल्डसन यांनी त्याची वेगळी सिद्धता दिली. हॅम्बुर्गला ही नावं फळ्यावर लिहिली जातात तेव्हा मला खिडकीबाहेर हा समुद्र दिसतो.

"इथे नुसता ताळा नाही बसला," बाबा म्हणाले. "दोन्ही वह्या समोर आहेत."

परतीच्या बसमध्ये त्यांनी बोटं मोजली. "दोन मितींत झालं, तीनमध्ये झालं. चौथीत अडलंय. तू कितीत करतेस?"

"दोनमध्ये."

"मग तिथलं एक पान पुरं कर आधी," म्हणाले, आणि चर्चगेटपर्यंत आम्ही त्या पानाबद्दलच बोलत होतो: कुठली असमानता सुटत नाहीये, ती कशासाठी लागते, आणि ती खोटी निघाली तर काय काय पुन्हा लिहावं लागेल.