बरं केलंस

रविवार, रात्रीचे पावणेबारा

गेल्या सोमवारी बिरड्यासाठी डोंबिवली स्टेशनबाहेरून सोललेल्या वालाची पिशवी आणली. आईने हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, बरं केलंस. एवढंच. झोपबिप उडाली असं नाही पण लोकलमध्ये लटकताना, भांडी लावताना, मध्येच कानात ते बरं केलंस.

टोमणा होता का? आईचा टोमणा मला लांबून कळतो, त्याआधी ती चष्मा सारखा करते. तेव्हा केला नव्हता. म्हणजे खरंच बरं केलंस, आणि ते जास्त लागलं, म्हणजे आता माझ्याकडून अपेक्षाच नाही. नसू दे. सकाळी डबे, मग गाडी, घरी यायला रात्रीचे आठ, वर कडधान्यांचे लाड कोण करणार? माझे कोणी करतंय का? असो.

तरी शुक्रवारी रात्री गुपचूप पाव किलो कडवे वाल भिजत घातले. काल सकाळी उपसून बाबांच्या जुन्या पंच्यात बांधले आणि... जाऊ दे. आज संध्याकाळी गाठ सोडली तर पांढरे मोड आणि तो उग्रट वास, थेट जुन्या घरातला श्रावण.

कोमट पाण्यात घालून सोलायला बसले. मी नखाने सालं ओढतेय, दहा मिनिटांत अंगठा हुळहुळला. आई न बोलता शेजारी येऊन बसली, एक वाल चिमटीत धरून नुसता दाबला, दाणा टुपकन वाडग्यात, साल तिच्या बोटांत. मी तसंच केलं तर माझा दाणा फ्रिजखाली. दुसराही. जरा घाई केली की दोन फाका. फोन वाजत होता पण हात ओले, मग वाजू दिला. पाऊण तास बसलो असू, लिफ्टवरून चाललेली भांडणं, गवारीचा भाव, आणि बराच वेळ काहीच नाही, नुसतं टुप टुप. कंटाळा येईल म्हणून वाट बघत होते, आलाच नाही.

वाडगा भरला, त्यात अख्खे दाणे आईचे, फाका माझ्या. पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवताना विचारलं, पुढच्या सोमवारी विकतचेच आणू ना गं?

"आण की," आई म्हणाली आणि चष्मा सारखा केला.